तीन कागद, आठ जण

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी तिला न्यायला शाळेत आली. आईची स्कूटर दुरुस्तीला टाकलेली होती, एवढंच कारण. सहावीचा गणिताचा तास अजून संपायचा होता. दारात लेक दिसली तशी आईने हातातल्या खडूनेच मागचा रिकामा बाक दाखवला.

"बस जरा. आमचा इथे तंटा चाललाय."

तंटा फळ्यावरच्या तीन छेद आठवरून होता. त्याचं दशांश रूप करायचं होतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. कशातही वाद घालते म्हणून वर्ग तिला वकीलसाहेब म्हणायचा.

"बाई, तिनाला आठाने भाग जातो का?"

"नाही जात."

"मग तुम्ही तिनापुढे शून्य देता, त्याचे तीस करता आणि भागता. हे शून्य आणलं कुठून?"

"अगं, वरती टिंब दिलं ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"टिंब दिलं की शून्य फुकट? मग माझ्या मार्कांपुढे पण द्या की एक!"

वर्ग खिदळला. आईही हसली. मागच्या बाकावरची लेक मात्र हसली नाही.

ती सहावीत असताना हाच प्रश्न याच वर्गात तिच्याही घशाशी आला होता आणि तिने तो गिळला होता. बाईंची मुलगी पडली ना ती. "कळलं का सगळ्यांना?" असं आईने विचारलं की अख्खा वर्ग आधी तिच्याकडे बघायचा, आणि ती सगळ्यांच्या आधी मान डोलवायची. दिव्याखाली अंधार आहे, हे दिव्याला सांगायचं कोणी? तिने सगळी उत्तरं घोकून टाकली आणि निभावून नेलं. आता ती ग्रंथपाल होती. पुस्तकांच्या पाठीवरचे दशांश क्रमांक झोपेतही बरोबर लावले असते तिने. झाकली मूठ अजून झाकलेलीच होती.

आईने टेबलाच्या खणातून तीन पाठकोरे कागद काढले.

"या वकीलसाहेब, आणखी सात जणांना घेऊन या. हे तीन कागद आठ जणांत सारखे वाटा."

आठ जण टेबलाभोवती जमले. वकीलसाहेबांनी कागद मोजले, डोकी मोजली. "नाही पुरत."

"अख्खे नाही पुरत. म्हणून काय उपाशी ठेवायचं कोणाला? प्रत्येक कागदाच्या दहा पट्ट्या फाडा."

टर्र टर्र आवाज सुरू झाला. फाडाफाडीची परवानगी रोज थोडीच मिळते! उरलेला वर्ग बाकांवर चढून बघू लागला.

"किती झाल्या?"

"तीस!"

"शून्य कोणी फुकट दिलं?"

वकीलसाहेब हातातल्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. "कोणी नाही. कागद तेवढाच आहे. तुकडे वाढले."

"वाटा आता."

प्रत्येकाला तीन पट्ट्या मिळाल्या, सहा उरल्या. आईने फळ्यावर टिंब देऊन तीन लिहिला. सहा पट्ट्यांचे पुन्हा दहा दहा तुकडे झाले. प्रत्येकाला सात आले, चार उरले. फळ्यावर सात आला.

"आणखी फाडायचं?" एका लंबूने आशेने विचारलं.

"उरलंय ना? मग फाडा. पंखा बंद करा आधी!"

चार चिमुकले तुकडे नखांनी फाडले जाऊ लागले. सगळे श्वास धरून होते. तेवढ्यात लंबूचं नाक फुरफुरू लागलं. "शिंकलास तर बघ!" बाकीचे सातही जण एकदम ओरडले. आईने झटक्यात पुढे होऊन आपल्या पदराने त्याचं नाक दाबलं. शिंक पदरातच फुटली. टेबलावरचं काही हललं नाही, पण वर्ग मात्र हसून हसून आडवा झाला.

"पाच!" वकीलसाहेब किंचाळल्या. "प्रत्येकाला पाच! आणि बाई, उरलं काहीच नाही!"

आईने फळ्यावर पाच लिहिला. शून्य पॉइंट तीन सात पाच. मग ती टेबलाला टेकून उभी राहिली. तिच्या केसांत, खांद्यावर, चष्म्याच्या काडीवर कागदाचे कण अडकले होते, आणि शर्यत जिंकून आल्यासारखी ती धापा टाकत होती.

"कळलं का सगळ्यांना?"

"होऽऽ!"

मागच्या बाकावर लेकीची मान सवयीने डोलायला निघाली आणि अर्ध्यावर थांबली. ती उभी राहिली. बाक जुना होता, कुरकुरला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आई..."

"शाळेत बाई म्हणायचं असतं," शेजारच्या बाकावरचा चष्मेवाला हळूच म्हणाला.

"आई," ती म्हणाली, या वेळी चांगली मोठ्याने, "मला हे कधी कळलंच नव्हतं. पुन्हा एकदा दाखव ना."