पास्टरचे दोन सल्ले

जिजाच्या कबरीवरची माती अजून बसायची होती, तोच पास्टर सिहोऱ्याला तिच्या नवऱ्याला, तेजरामला, धीर द्यायला आले. प्रार्थना झाली, चहा झाला.

"तेजरामभाऊ, दुसरं लग्न करून घ्या. माणसानं एकटं राहणं बरं नाही, असं देवच सांगते. आपल्या मंडळीतलीच एक बाई आहे तुमसरले."

मग त्यांनी आवाज खाली केला. "अन् तुमच्या भूपेशचं त्या लिलाधरसंग प्रेम आहे म्हणतेत. पोराले सांगा, जन्मभर एकटाच राहा. देवाले तेच आवडते."

आत कपबशा विसळणारा भूपेश थांबला.



"दोन्ही सल्ले पटले, पास्टरजी," तेजराम म्हणाला. "फक्त बापलेकात बदलून घेतो. एकटा मी राहतो, अन् लिलाधरले आजच घरी राहाले बोलावतो."