तीनच्या आत यवतमाळ

"बस नोको, ताई. इमानानं ये. तिकीट म्या काढलं," इंद्रजीत फोनवर म्हणाला, तेव्हा उज्ज्वलानं पुण्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात हातातलं काम टाकलं. आई यवतमाळला दवाखान्यात होती. वाचाही गेली होती म्हणे.

"पुण्याहून नागपूर दीड तास. तिथून तीन तास गाडी. तीनच्या आत पोचलीच पाह्यजे तू."

"तोवर राहील ना रे आई?"

"तू ये फक्त," तो म्हणाला.

वडील गेले तेव्हा ती बसनं निघाली होती. पुणे ते माहेरचं आर्णी सहाशेच्या वर किलोमीटर, हाडं खिळखिळी करणारी अख्खी रात्र. त्यात बस वाटेत बंद पडली. ती पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. तो सल अजून गेला नव्हता. आईचं तरी तोंड पाहू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

आणि विमानाचं तिकीट काढणारा हा भाऊ कोण, तर राखीला आलेल्या बहिणीला घ्यायला आर्णीच्या स्टँडपर्यंत न येणारा. दिवाळीत शेताच्या वाट्यावरून शब्दानं शब्द वाढला, तेव्हापासून त्यानं बोलणंच टाकलं होतं. त्या दिवशी आईनंच उज्ज्वलाची बाजू घेतली होती. "लेकबी माह्याच पोटची हाय," म्हणाली होती. पण वेळ आली की रक्त धावतंच. उज्ज्वलानं मागचं सगळं मनातून काढून टाकलं.

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, पण खिडकीबाहेर पाहिलं नाही. ओढणीत तोंड घालून रडत राहिली. रडणं आटपायच्या आत नागपूर आलं.

विमानतळाबाहेर गावचाच धर्मपाल गाडी घेऊन उभा होता.

"आई कशी हाय, धर्मपालभाऊ?"

"पोचतो आपण टायमावर," तो रस्त्याकडे पाहत म्हणाला.

इंद्रजीतचे फोनवर फोन. कुठं आली? वर्धा गेलं काय? देवळी आली काय? बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला असेल, तिला वाटलं. कळंबला ती म्हणाली, "दोन मिनिटं थांबा. चिंतामणीला नारळ फोडते."

"भाऊनं कुठंच थांबू नोको म्हनलं, ताई."

तिनं गाडीतूनच हात जोडले. माझं आयुष्य तिला दे, म्हणाली.

यवतमाळात गाडी दवाखान्याकडे वळलीच नाही. एका सरकारी कचेरीच्या आवारात शिरली. फाटकाशी इंद्रजीत उभा होता.

"आई कुठं रे?"

त्यानं व्हरांड्याकडे बोट दाखवलं. तिथं बाकावर मैनाबाई नवं लुगडं नेसून, बशीत ओतून चहा पीत होती.

उज्ज्वला धावली. आईच्या गळ्यात पडली. आई जिवंत होती, धडधाकट होती. हसावं की रडावं तिला कळेना. "आई, बरी झाली तू?"

मैनाबाईनं बशी खाली ठेवली, लेकीचे डोळे आपल्या पदरानं पुसले.

"मले काय धाड भरली, बाई? पन तशी बलावली असती तं तू आली असती काय? मीच म्हनलं इंद्रजीतले, इमानाचं तिकीट काढ. जाय आता, तीनले नोंदनी बंद व्हायच्या आत वावराच्या हक्कसोडीवर सही कर."