पास की बाद

“लावू?” क्लेटन राउशने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कॅसेट आत ढकलली.

“आधी गाडी चालू कर,” अर्डिथ म्हणाली. “उभ्या गाडीत ऐकलेलं मी धरत नाही.”

क्लेटनचं प्रत्येक नवं रेकॉर्डिंग ही दोघं बहीणभाऊ याच जुन्या पिकअप ट्रकमध्ये ऐकत आली होती. स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरवर काहीही गोड लागतं, असं त्याचं म्हणणं. इंडियानातला माणूस गाणं ऐकतो ते कामावरून घरी जाताना, खडीच्या रस्त्यावर, खरखरणाऱ्या स्पीकरवर. तिथे टिकलं तर टिकलं. आणि टिकलं की नाही हे मोठी बहीण ठरवणार. तिच्या बोटांनी डॅशबोर्डवर ताल धरला की गाणं पास. हात मांडीवरच राहिला की बाद. एकदा तिने अख्खा अल्बम बाद केला होता. रेकॉर्ड कंपनी चिडली, पण क्लेटन सगळी गाणी पुन्हा गायला, आणि त्याच अल्बममुळे त्याचं नाव देशभर झालं.

धान्याच्या कोठारापाशी ट्रक वळला तेव्हा मागून त्याच्या शाळासोबत्याने, डेल्बर्टने, हाक मारली.

“ए क्लेट! काचा खाली कर की, आम्हालाही ऐकव!”

क्लेटनने मान वळवली नाही.

“झालं! साहेब मोठे झाले!” डेल्बर्ट ओरडला. “शाळेत माझीच पँट घालून फिरायचास, लक्षात आहे ना?”

अर्डिथने काचेआडून हात हलवून वेळ मारून नेली. भाऊ आज स्वतःच्याच विचारात होता. साहजिक होतं. सोमवारी त्याला कंपनीला उत्तर द्यायचं होतं. एक तर हा अल्बम काढायचा आणि हिवाळ्यापर्यंत गावोगाव कार्यक्रम करत फिरायचं, नाही तर थांबायचं.

“तू बाद म्हणालीस तर संपलं,” तो म्हणाला. “गिटार भाच्याला देतो आणि मासे धरत बसतो.”

“तुला कुठे मासे धरता येतात?” बाहेरच्या मक्याकडे बघत ती म्हणाली.

तो काहीच बोलला नाही. तिने वळून पाहिलं. “अरे, तुझ्याशी बोलतेय.”

“मग माझ्याकडे बघून बोल ना. मक्याशी काय बोलतेस?”

“तू रस्त्याकडे बघ आधी. मघापासून माझ्या हाताकडे टक लावून बसलायस.”

“पेपर तपासणाऱ्या बाईचा हात बघू नको तर काय बघू?”

पहिलं गाणं वडिलांच्या बंद पडलेल्या कारखान्याचं होतं. शब्द चांगले होते. पण ड्रम इतके चढे होते की क्लेटनचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. आणि जिथे तो ऐकू येत होता तिथे सूर सुटलेला होता. अर्डिथचा हात मांडीवरच राहिला. दुसऱ्या गाण्याचंही तेच झालं.

“ड्रम केवढे मोठे ठेवलेत,” ती त्याच्याकडे वळून म्हणाली.

“मीच वाढवायला लावले. तसेच हवे होते मला.”

“स्टुडिओतली पोरं काय म्हणाली?”

“वा वा म्हणाली. पगार मी देतो ना त्यांना.”

तो हसला. ती हसली नाही. वय झालं की आवाज जातो, हे तिला कळत होतं. पण गिटार एकीकडे आणि गाणारा दुसरीकडे, असं क्लेटनच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

तिसरं गाणं संथ, आईवरचं. त्यात ड्रम नव्हतेच. त्यामुळे सुटलेला सूर झाकायलाही काही उरलं नव्हतं. अर्डिथने भावाकडे पाहिलं. त्याने आज घोटून दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू खरंच परीक्षेला बसला होता. या ट्रकमध्ये ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. हा अल्बम असा बाहेर पडला तर लोक हसतील, आणि ते तो सहन करू शकणार नाही. त्यापेक्षा बहिणीने सांगितलेलं बरं.

पुढच्या चौकातून कापणीचं मोठं यंत्र चाललं होतं. क्लेटनने ट्रक हळू केला आणि डावीकडे पाहिलं. तेवढ्यात अर्डिथने टेपचं बटण दाबलं. गाणं मध्येच तुटलं. ट्रकमध्ये इंजिनाचा आणि चाकांखालच्या खडीचा आवाज तेवढा उरला.

आता तो विचारेल, का बंद केलंस. मग सांगायचं. कसं सांगायचं ते मनात जुळवताना तिची बोटं चुळबुळत डॅशबोर्डवर आपटू लागली.

यंत्र निघून गेलं. क्लेटनने मान वळवली. त्याला तिची बोटं दिसली आणि त्याचा चेहरा फुलला. त्या बोटांच्या ठेक्यावर तो मान डोलवू लागला.

“हे कडवं ऐक, अर्डी,” बंद टेपकडे बोट करत तो म्हणाला. “हे मी एका दमात गायलंय.”