मागे ओतायचं पाणी

गाडी चालू होती आणि गुलिझार आत्या काही दारात येत नव्हती.

ताहसिनने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. संध्याकाळी पाचला राजधानीत, अंकाराला, उमेदवारांची यादी बंद होणार होती. आपलं नाव तिच्यातून खोडलं जातंय, हे त्याला सकाळीच फोनवर कळलं होतं. पक्षप्रमुखाचे पाय धरायला चार तासांचा रस्ता कापायचा होता. खासदारकी गेली की अटकेपासूनचं संरक्षण गेलं. बोअरवेलच्या परवान्यांची फाइल न्यायालयात त्याचीच वाट पाहत पडली होती.

"निघायचं ना साहेब?" ड्रायव्हरने विचारलं.

"पाण्याशिवाय? वेड लागलंय का तुला?"

कोणी लांब निघालं की घरची बाई गाडीमागे पाणी ओतते. माणूस परत यावा म्हणून. इकडे सगळेच करतात, पण ताहसिनचा त्यावर जरा जास्तच भरवसा. आई गेल्यापासून हे काम आत्याकडे होतं. चार निवडणुकांना तिने तांब्या ओतला, दर वेळी म्हणाली, "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये," आणि चारही वेळा तो खासदार होऊन आला. पहिल्यांदा तर गावाने ढोल-सनई लावून त्याला वेशीवरून घरी आणलं होतं.

तो उतरून आत गेला. आत्याचे यजमान, काका, खाटेवर खोकत होते. आत्या पाण्याच्या रिकाम्या डब्यांपुढे बसली होती.

"आत्या, माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू इथे बसून राहिलीस?"

"टँकर परवा यायचाय. हा एक तांब्या उरलाय, तुझ्या काकांच्या गोळ्यांपुरता."

"उद्या दोन टँकर पाठवतो!"

"विहीर आटली तेव्हाही हेच म्हणाला होतास. पाच वर्षं झाली."

मेव्हण्याच्या बीटच्या शेतीसाठी चाळीस खोल बोअरवेलचे परवाने ताहसिननेच मिळवून दिले होते. दोन उन्हाळ्यांत गावची विहीर कोरडी ठणठणीत पडली. गावाने ब्र काढला नाही. आपला माणूस अंकाराला बसलाय, याचंच बिचाऱ्यांना कौतुक.

आत्याने तांब्या उचलला. "तूच सांग. यांना देऊ, की तुझ्यामागे ओतू?"

काकांचा खोकला थांबला. म्हातारा ऐकत होता. ताहसिनने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. लाज वाटली नाही असं नाही, पण घड्याळात साडेबारा होऊन गेले होते.

"ओत, आत्या. पाया पडतो तुझ्या."

ती त्याच्या पाठोपाठ अंगणात आली. तो गाडीत बसला. गाडी हलली. आरशात त्याला दिसलं, आत्याने तांब्या पार उपडा केला, शेवटचा थेंबसुद्धा झटकला. धुळीवर ओला डाग उमटला आणि बघता बघता विरला. ताहसिनचा जीव भांड्यात पडला. नेहमीचं ते वाक्य ऐकायला त्याने काच खाली केली.

"पाण्यासारखा जा, ताहसिन," आत्या मोठ्याने म्हणाली. "आपल्या विहिरीचं गेलं ना, त्या पाण्यासारखा जा."