ताटात उरलेलं

"मला नको," पोरगी म्हणाली आणि तिनं कोपरानं ताट पुढे ढकललं. ताटात कोबी होता. उकडलेला, फिकट, वर मिरपूड टाकून कशीबशी लाज झाकलेला.

बापानं डोळे वटारले. वय सात आणि नखरे सत्तरीच्या सासूचे.

बाप टॉवर क्रेन चालवायचा. साठ मीटर उंचावर काचेच्या खोक्यात बसून दोन टन सळई गच्चीवर अशी टेकवायचा, की मुकादमाच्या हातातला चहा हलायचा नाही. साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणायचे. वरच्याला सगळं जमायचं. पोरीच्या तोंडात एक घास उतरवणं तेवढं जमायचं नाही.

"लोड येतोय," तो चमचा हवेत फिरवत म्हणाला. "खालचे बाजूला व्हा. तोंड उघड."

"बाबा, त्याला मोज्यांचा वास येतो."

बापानं चमचा नाकाशी नेला. वास येत होता.

खरं तर भाजीशी त्याचं स्वतःचंच जन्माचं वाकडं. मटण, अंडी, बटाटा, संपला विषय. बटाटा जमिनीखाली असतो म्हणून तो भाजीत धरायचा नाही, असं त्याचं शास्त्र होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी कंपनीच्या डॉक्टरनं त्याच्या रक्तातली साखर बघितली आणि विचारलं, "शिडी चढताना गरगरतं का?" तो नाही म्हणाला. गरगरत होतं. डॉक्टर म्हणाला, "तीन महिने देतो. भाज्या खा. साखर उतरली नाही तर क्रेन विसरायची. खाली स्टोअरमध्ये हेल्मेट वाटत बसा."

वरचा, आणि खाली. ते होणं नव्हतं. पण भाजी? बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर होती, साखरेच्या गोळ्या दिवसभर तीच द्यायची. तिनं त्याच संध्याकाळी दुधी वाढायला आणला. "मी काय शेळी आहे?" म्हणून तो ताटावरून उठला आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर चार अंड्यांचं ऑम्लेट हाणून आला. दुसऱ्या दिवशी घेवडा, परत तेच. तिसऱ्या दिवशी तिनं नाद सोडला. मटण मुकाट ताटात यायला लागलं. जरा कमी यायचं, पण भांडण नको म्हणून तोही मुकाट खायचा.

आणि आता पोरीचं हे नवीन थेर.

"राहू दे ना," बायको म्हणाली. "बळजबरी कशाला? देते टाकून."

"टाकून?"

इथं मात्र त्याचं डोकं फिरायचं. लहानपणी ताटात एक शीत राहिलं तरी त्याचा बाप पाठीत धपाटा घालायचा. म्हणून तर तो नावडतं मुळात वाढूनच घ्यायचा नाही. पण वाढलेलं टाकायचं? त्याच्या घरात?

"तू खा मग."

"माझं पोट भरलंय," बायको म्हणाली आणि खरकट्याची बादली पुढे सरकवली.

त्यानं ताट ओढलं. नाक दाबलं. औषध गिळावं तसा कोबी गिळला आणि मग पोरीला अन्नाच्या किमतीवर अर्धा तास झापलं. दुसऱ्या दिवशी भोपळा. मग गाजर, मग परत दुधी. रोज तेच ताट, तेच भाषण.

वर केबिनमध्ये बसून तो काळजी करायचा. पोरगी हवेवर जगते की काय? एका रविवारी त्यानं तिला बायकोच्या दुकानातल्या वजनकाट्यावर उभं केलं. पाऊण किलो वाढली होती. काटा बिघडलाय, असं त्यानं दुकानमालकाला सुनावलं.

तीन महिने झाले. डॉक्टरनं रिपोर्ट दोनदा वाचला.

"काय केलंत?"

"काही नाही. पोरगी जेवत नाही हो. त्या काळजीनं उतरली असेल साखर."

डॉक्टरनं फिटचा शिक्का मारला. "जे चाललंय ते चालू ठेवा. बंद केलंत की परत चढेल."

त्या दिवशी त्याची शिफ्ट लवकर सुटली. साडेपाचला तो घरी पोचला, आपल्या चावीनं दार उघडलं आणि बूट काढता काढता थांबला. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. पोरगी ओट्यावर बसून बीट खात होती. दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीपर्यंत लाल.

"सावकाश," आई तिला म्हणाली. "रात्री काय नको म्हणायचं?"

"बीट."

"कधी?"

"बाबांचं मटण संपल्यावर. आधी नाही." पोरीनं बोट चाटलं. "आई, आज थोडं रडू? रडले की बाबा पटापट खातात."

"नको. मागच्या वेळी ठसका लागला होता त्यांना."

बाप दारात उभा. तीन महिने दोन बायकांनी त्याला मामा बनवलं होतं, आणि त्यातल्या एकीला पुढचे दात नव्हते. त्यानं ओरडायला तोंड उघडलं. खिशात हात गेला, रिपोर्ट लागला. तोंड मिटलं. वजनदार लोड उतरवताना धरायचा तसा श्वास धरून तो मागे मागे सरकला आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

कोपऱ्यावर अडीच तास काढले. अंडेवाल्यानं विचारलं, "चारचं करू?"

"नको," तो म्हणाला. "घरी जेवण आहे."

आठला त्यानं बेल वाजवली. हात धुतले, बसला. चार तुकडे मटण होतं, ते संपलं. शेवटचं हाड खाली ठेवलं आणि पोरगी बरोब्बर म्हणाली, "मला नको."

त्यानं डोळे वटारले. आज ते मुद्दाम वटारावे लागले. मग तिच्या ताटातल्या बिटाकडे बघितलं आणि बायकोवर डाफरला.

"एवढंसंच वाढलंस? आणखी दोन डाव घाल तिला. बघतो कशी खात नाही ती."