एफ नाइनची पाहणी

चिंतलवार बाबूंनी वनहक्काच्या दाव्यांचा निकाल एका बटणावर आणून ठेवला होता. संगणकावर एफ नाइन दाबलं की अख्खा मजकूर आपोआप उमटे: 'अर्जदारासमक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. शेती आढळली नाही. दावा अमान्य.' वर फक्त नाव टाकायचं. जंगलातल्या बावीस गावांची पाहणी त्यांनी कूलरसमोरची खुर्ची न सोडता उरकली होती, आणि वर दमल्यासारखं करून चहाही मागवला होता.

एक दिवस भागीरथाबाईनं नवऱ्याच्या नावाचं तसलंच पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"बाबू, तुमी वावर पाह्यलं तवा आमचे हे तुमच्या संगं होते?"

"लिवलं हाय ना तसं!"

"मंग काई बोलले का तुमाले? दोन साल झाले, वाघानं नेलं त्याइले. मले तर सपनातबी दिसत नाई."

बाबू तिच्यावरच खेकसले, "मेला हे आधी नाई सांगाव का, बाई? आता मले नवीन बटण बनवा लागते! नाव काय तुह्यं?"

दहा मिनिटं खपून त्यांनी एफ टेन बसवलं, दाबलं, आणि प्रिंटरमधून निघालेला गरम कागद तिच्या हातात दिला. भागीरथाबाई चौथी शिकली होती. टेबलाशी उभ्याउभ्याच तिनं एकेक अक्षर लावून वाचलं: 'अर्जदार मयत. पत्नी भागीरथाबाई हिच्यासमक्ष आज जागेवर जाऊन पाहणी केली. शेती आढळली नाही.'