कोपऱ्यातली सही

"पैसे सगळेच्या सगळे आहेत, काकू. फक्त बुडालेल्या बँकेचे हे चेक आता चालणार नाहीत," नव्या बँकेच्या मॅडम म्हणाल्या.

काकूंनी चेकबुक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. आतल्या एकूण एक चेकवर नवऱ्याची सही होती. कंपवाताने हात निकामी होणार असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी त्यांनी बसून सगळ्या सह्या करून ठेवल्या होत्या. आपला हात चालेनासा झाल्यावर बायकोचं अडू नये म्हणून. पुढच्याच आठवड्यात बँकेतून पैसे काढायला बंदी आली. दीड वर्षाने ही नवी बँक आली आणि बंदी उठली, पण तोवर बोटं पार आखडून गेली होती.

"मग काकांनाच एकदा सहीला घेऊन या."

"सही नाही होत हो त्यांना."

"हरकत नाही. आम्ही घरी येतो. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊ."

"अंगठा?" काकूंचा आवाज चढला. "गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या आहेत. आता म्हातारपणी त्यांना अंगठेबहाद्दर करता?"

बाहेर धाडकन आवाज झाला. कामगारांनी जुन्या बँकेची पाटी उतरवून फुटपाथवर टाकली होती. तिच्या खालच्या कोपऱ्यात बारीक, वळणदार अक्षरं अजून स्वच्छ दिसत होती: निळकंठ पेंटर.

काकू बराच वेळ दारातून तिकडे बघत राहिल्या. मग वळून हळूच म्हणाल्या,

"दुपारी दोनला या. तेव्हा ते गाढ झोपेत असतात."